पिवळं दिसलं की सोनकी नव्हे: रानातला कॉसमॉस कसा ओळखायचा

सप्टेंबर लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर फोटो यायला सुरुवात होते. कोणी साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन आलेलं असतं, कोणी ठोसेघरला, कोणी नुसतं यवतेश्वरच्या घाटात गाडी बाजूला घेऊन उभं राहिलेलं असतं, आणि फोटोखाली प्रश्न ठरलेला, "ताई, ही सोनकी ना गं?" सोनकी म्हणजे आपल्या डोंगरांवर पावसाळ्यात फुलणारं पिवळं रानफूल. मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीने सहा फोटो पाठवले. त्यातले चार कॉसमॉसचे, एक खरंच सोनकीचा आणि एक कुणाच्या तरी रानातल्या कारळ्याचा. तिला सगळं एकच वाटलं, आणि वाटणारच, लांबून सगळं पिवळंच दिसतं.

तर हा लेख तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या सगळ्यांसाठी, ज्यांना झाडाझुडपांची काही माहिती नाही पण ओळखायची इच्छा आहे. वनस्पतीशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही, मीपण शिकलेली नाही, शेताच्या बांधावर आणि डोंगरावर हिंडून, जाणत्या माणसांना विचारून विचारून शिकले. एकच गोष्ट शेवटपर्यंत डोक्यात ठेवा: रंगावरून नाव ठेवायचं नाही. फूल उलटं करून मागची बाजू बघायची, पान बघायचं आणि बी बघायचं. तिन्ही जुळलं तरच कॉसमॉस म्हणायचं.

एवढा आटापिटा कशासाठी, ते आधी सांगते. कॉसमॉस मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. १७९१ साली काव्हानिलेस नावाच्या स्पॅनिश वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याला कॉसमॉस सल्फ्युरिअस हे नाव दिलं, सल्फ्युरिअस म्हणजे गंधकासारखा पिवळा. आपल्याकडे तो बागेतलं शोभेचं फूल म्हणून आला. बी टाकलं की उगवतं, खत नको, औषध नको, पावसाच्या पाण्यावर येतं, आणि फुललं की डोळे दिपतात इतका भडक पिवळा-केशरी. म्हणून लोकांनी तो बंगल्याच्या कुंपणाला लावला, हायवेच्या कडेला लावला, आणि तिथून तो स्वतःच्या पायाने रानात गेला. पुण्याच्या टेकड्यांवर गेलाय, आपल्या साताऱ्याकडेही रस्त्याच्या कडेने सरकतोय.

माझ्या आत्याच्या बांधावर काय झालं ते मी स्वतः बघितलंय. तिचं गाव साताऱ्याहून तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याला. कुणाच्या तरी लग्नात परतभेट म्हणून फुलांच्या बियांची पुडी मिळाली होती, "निसर्गासाठी एक पाऊल" असं काहीतरी वर छापलेलं. आत्याने हौसेने बांधावर टाकली. पहिल्या वर्षी दहाबारा झाडं आली, सगळ्यांनी फोटो काढले. दुसऱ्या वर्षी बांध भरला. तिसऱ्या वर्षी बांधाच्या वरच्या गवताच्या पट्टीत तोच, आणि म्हशीसाठी गवत कापायला बसलं की विळ्याखाली गवत कमी आणि कॉसमॉसची दांडकी जास्त. त्या पट्टीत आधी तेरडा यायचा, गौरीला तिथूनच तेरडा आणायची पद्धत होती तिच्या घरी. त्या वर्षी आत्याला तेरड्यासाठी पार ओढ्यापलीकडे जावं लागलं. तिने मला फोनवर सांगितलं, "अगं मीच टाकलं गं ते माझ्या हाताने." तो आवाज मी विसरलेली नाही.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात आपल्यात. आपली पावसाळी फुलं अशीच असतात, थोड्या दिवसांची, बुटकी, नाजूक. कासच्या पठारावर तर जांभ्याच्या कातळावर बोटभर माती, आणि तेवढ्या मातीत चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि संपायचं. तिथे ८५० च्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत नाव गेलं, आणि तिथल्या वायतुरा नावाच्या फुलाच्या तर शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. अशा बुटक्या झाडांच्या शेजारी कमरेएवढं, कधी डोक्याएवढं वाढणारं, दाट गर्दी करून सावली धरणारं झाड आलं तर खालच्यांना ऊन कुठून मिळणार. रस्ता रुंद करताना टाकलेला भराव, खणलेली माती, पार्किंगची कडा, अशा हललेल्या जागी तो आधी पाय रोवतो आणि तिथून गवताळ उताराकडे सरकतो.

आता ओळखायला लागू.

सुरुवातीला काय लागतं

फार काही नाही. शाळेतली सहा इंची पट्टी, मोबाईल, जमलं तर दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, आणि एक वही. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला कारण कॉसमॉसच्या जागी गाजरगवत पण असतंच बहुतेक वेळा, आणि त्याने बऱ्याच जणांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं.

सराव मात्र रस्त्याकडेच्या किंवा स्वतःच्या रानातल्या झाडांवर करायचा. कासच्या पठारावर फूल तोडायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी, तिथे फक्त डोळ्यांनी बघायचं. एका फुलाने काय होतंय असं म्हणत वाट सोडून आत जाणाऱ्यांच्या पायाखाली गेंद, सीतेची आसवं अशी किती फुलं चिरडतात हे त्यांना दिसतसुद्धा नाही, इतकी लहान झाडं आहेत ती.

वेळ कुठली? फूल बघायचं तर ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत. बी बघायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पण खरं उपयोगाचं शिक्षण जुलैमधलं, फूल यायच्या आधी ओळखण्याचं, त्याच्याकडे नंतर येऊ.

पायरी १: आधी लांबून अख्खं झाड बघा

लगेच फुलात नाक घालू नका. दोन पावलं मागे उभं राहा. कॉसमॉस सरळ उभा वाढतो, वरच्या बाजूला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फूल लांब, उघड्या, बारीक दांड्यावर असतं, त्यामुळे वारा आला की फुलं डोलतात आणि पानांचा हिरवा थर खाली राहतो. खोड हिरवं, बऱ्याचदा लालसर झाक असलेलं. उंची जागेवर अवलंबून, मुरमाड जागी फूटभराचा पण फुललेला दिसेल, ओल्या खोल मातीत माणसाएवढा होतो.

सोनकी तशी नाही. ती घोट्यापासून गुडघ्याच्या आसपास, आणि तिची फुलं शेंड्याला घोळक्याने येतात. लांबून बघाल तर सोनकीचा उतार म्हणजे हळद सांडल्यासारखा सलग पिवळा, आणि कॉसमॉसचा पट्टा म्हणजे हिरव्यावर सुट्टे सुट्टे ठिपके, त्यात केशरी मिसळलेले. केशरी दिसलं की सोनकी नाही, एवढं नक्की, सोनकी केशरी होत नाही. पण उलटं खरं नाही हां, पिवळाधमक कॉसमॉसही असतो, म्हणूनच रंगावर थांबायचं नाही.

पायरी २: पान

मला विचाराल तर नव्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. फूल दोन-तीन महिने असतं, पान सगळे दिवस.

खोडावरचा एक सांधा निवडा, जिथून पान निघतं तिथला. कॉसमॉसला एका सांध्यावर दोन पानं निघतात, समोरासमोर, जसे आपण दोन्ही हात बाजूला पसरावेत. सोनकीला एका सांध्यावर एकच पान, मग थोडं वर दुसऱ्या बाजूला पुढचं, एकाआड एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. ही खूण एवढी सोपी आणि एवढी भरवशाची आहे की माझी आठ वर्षांची पुतणी आता गाडीतून उतरल्या उतरल्या "समोरासमोर!" म्हणून ओरडते. फक्त अगदी शेंड्याचं पान बघू नका, फुलाजवळ पानं लहान आणि वेडीवाकडी होतात, मधल्या खोडावर बघा.

मग पानाचा आकार. कॉसमॉसचं पान फाटलेलं असतं, म्हणजे मधल्या दांडीपासून दोन्हीकडे फाटे, त्या फाट्यांना पुन्हा फाटे, आणि प्रत्येक तुकडा भाल्याच्या पात्यासारखा टोकदार. तुकड्याच्या कडेला करवतीचे दात नसतात. सोनकीचं पान अखंड, एकच पातं, आणि त्याच्या कडेला दात. एवढं बघितलं तरी सोनकी आणि कॉसमॉस यांच्यातला गोंधळ संपला. पुढच्या पायऱ्या बाकीच्या सोंगांसाठी.

एक सांगायचं राहिलं, बागेत गुलाबी, पांढरा, जांभळट कॉसमॉस असतो तो याचा भाऊ, वेगळी जात. त्याची पानं शेपूच्या भाजीसारखी, दोऱ्यासारखी बारीक. आपल्या पिवळ्या कॉसमॉसच्या पानाचे तुकडे चांगले रुंद असतात. हातात दोन्ही धरले की लगेच कळतं.

पायरी ३: फूल, आणि मुख्य म्हणजे फुलाची पाठ

आपण ज्याला एक फूल म्हणतो ते या कुळात, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळात, एक फूल नसतंच. अख्खा गुच्छ असतो. बाहेरची प्रत्येक "पाकळी" म्हणजे एक स्वतंत्र फूल आणि मधली गादी म्हणजे बारीक बारीक नळीसारख्या फुलांची दाटी. हे डोक्यात बसलं की झेंडू, शेवंती, सूर्यफूल, एकदांडी सगळ्यांकडे बघायची नजर बदलते.

कॉसमॉसला रानात बहुतेक वेळा बाहेरच्या ८ पाकळ्या असतात. पाकळी टोकाला रुंद आणि टोकावर तीन दाते कापल्यासारखे. मधली गादी पिवळी, त्यातून बाहेर आलेल्या काळपट तपकिरी कांड्या दिसतात, भिंगातून बघा, फार सुंदर दिसतं, हे म्हणायला मला काही वाटत नाही. फूल चार ते सहा सेंटीमीटर रुंद, म्हणजे दहा रुपयाच्या नाण्याच्या जवळजवळ दुप्पट. सोनकीचं फूल रुपयाच्या नाण्याएवढं किंवा त्याहून लहान. पण वाळलेल्या मुरमावर कॉसमॉसचं फूलही खुजं राहतं म्हणून मापावर एकट्याने विसंबू नका. पाकळ्या मोजण्यावर पण नको, बागेतल्या बियांपासून आलेल्या कॉसमॉसला पाकळ्यांचे दोन-तीन थर असतात, झेंडूच्या जवळ जाणारे, आणि तिथेच लोक फसतात.

आता फूल हळूच उलटं करा. पाठीमागे हिरवी वाटी असते. कॉसमॉसमध्ये तिथे स्पष्ट दोन थर दिसतात. बाहेरचा थर ८ बारीक हिरव्या पट्ट्यांचा, बाहेरच्या बाजूला पसरलेल्या, कोळ्याच्या पायांसारख्या. आतला थर पुन्हा ८ चा, पण रुंद, पातळ, पिवळसर, पाकळ्यांना चिकटून उभा. असे दोन वेगवेगळ्या तऱ्हेचे थर दिसले की नव्वद टक्के काम झालं.

सोनकीच्या पाठीमागे एकच मुख्य ओळ, सारख्या उंचीच्या हिरव्या पट्ट्या एकमेकींना खेटून उभ्या, जणू छोटं पिंप. झेंडूच्या मागे पट्ट्या वेगळ्या नसतातच, सगळ्या जुळून एकसंध पेला झालेला असतो, दसऱ्याला तोरण करताना सुई जिथून घालतो तोच. आणि झेंडूचं पान चुरगळलं की तो उग्र वास हाताला दिवसभर राहतो, कॉसमॉसला तसा वास नाही. दसऱ्याच्या बाजारात कधी कधी झेंडूच्या ढिगात कॉसमॉसही मिसळलेला दिसतो, तिथे ही पाठ बघायचा सराव फुकटात होतो.

पायरी ४: बी

ऑक्टोबरनंतर पाकळ्या गळाल्या की दांड्याच्या टोकाला काळपट तपकिरी काड्यांचं चांदणं उरतं, सगळ्या बाजूंनी पसरलेलं. त्यातली एक काडी म्हणजे एक बी. लांबी दीड ते तीन सेंटीमीटर, जराशी वाकडी, वरच्या बाजूला निमुळती होत लांब मान झालेली, आणि मानेच्या टोकाला बहुतेक वेळा दोन-तीन कुसळं. कुसळावर उलटे काटे असतात, मोज्यात शिरलं की ओढून निघत नाही. गाईच्या शेपटीला, कुत्र्याच्या केसांना, आपल्या पँटला चिकटून ते प्रवास करतं.

सोनकीचं बी अगदी वेगळं, त्याला पांढऱ्या मऊ केसांचा झुपका असतो आणि ते वाऱ्यावर उडून जातं. तिच्या शास्त्रीय नावातलं सेनेसिओ हे लॅटिन "म्हातारा" या शब्दावरून आलंय, त्या पांढऱ्या केसांमुळे. मुलांना सांगायला सोपं, सोनकीची होते म्हातारी आणि कॉसमॉसचं होतं कुसळ.

बाकीची फसवणारी पिवळी

कारळा. जावळी-पाटणकडच्या डोंगराळ भागात अजून कुठे कुठे करतात, ज्याची आपण चटणी करतो तोच. फूल कॉसमॉससारखंच पिवळं, पाकळ्या पण आठच्या आसपास, खालची पानं समोरासमोर, म्हणून घोटाळा होतो. पण पान अखंड, फाटलेलं नाही, देठाशिवाय थेट खोडाला बिलगलेलं. फुलाच्या पाठीमागे पाचएक रुंद हिरव्या पानासारख्या पट्ट्या. आणि बी तर डब्यात आहेच तुमच्या, काळं, चकचकीत, ना मान ना कुसळ. शेतात ओळीत किंवा सलग पेरलेलं दिसलं तर आधी शेतकऱ्याला विचारा, कुणाचं पीक उपटून येऊ नका.

बिडेन्स. हा कॉसमॉसचा जवळचा नातेवाईक, त्यामुळे इथे खरी परीक्षा. पानं समोरासमोर, पान विभागलेलं, बी काडीसारखं आणि कपड्यांना चिकटणारं. पण फूल एवढंसं, नखाएवढं, पाकळ्या तीनचार किंवा कधी नसतातच. पानाचे तुकडे मोजके, आणि प्रत्येक तुकड्याच्या कडेला करवतीचे दात, हे कॉसमॉसला नाहीत. बी सरळ सुईसारखं, कॉसमॉससारखी निमुळती लांब मान त्याला नाही. नुसतं बी कपड्याला चिकटलेलं घेऊन घरी आलात तर ही मानच बघायची.

मेक्सिकन सूर्यफूल, म्हणजे टिथोनिया. हेही तिकडूनच आलेलं आणि हेही पसरणारं. पण हे झुडूप आहे, दोन-तीन मीटरचं, दाट, आणि पान तळहाताएवढं रुंद, तीन ते पाच बोटांचं. फूल सूर्यफुलासारखं मोठं. एकदा पान बघितलं की कॉसमॉस वाटायचं काही कारण नाही.

एकदांडी, कुणी दगडीपाला म्हणतं कुणी कंबरमोडी. जमिनीलगत पसरते, एका लांब दांड्यावर एकच छोटं फूल, पाकळ्या फिक्या आणि मध्ये पिवळं. तीही बाहेरचीच आहे पण आता घराघरात जखमेवर लावायला वापरतात.

कवला, ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात, तो पिवळा असला तरी या कुळातलाच नाही. फूल वाटाण्याच्या फुलासारखं, वर दोन तांबडे ठिपके. आणि पिवळी तिळवण चार पाकळ्यांची, चिकट झाड, खाली निमुळत्या शेंगा. या दोघांत आणि कॉसमॉसमध्ये गोंधळ होतो तो फक्त चालत्या गाडीतून.

फूल नसताना ओळखायचं कसं

जुलैमध्ये, पाऊस चांगला लागलेला असताना, रस्त्याकडेला फाटक्या पानांची कोवळी रोपं दिसतात आणि तिथे तीन उमेदवार असतात: कॉसमॉस, गाजरगवत आणि झेंडू. झेंडू वासावर बाद करा. राहिलं गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, १९५० च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं आणि तिथून देशभर झालं. त्याचं रोप सुरुवातीला जमिनीला चिकटून पानांची गोल चकती करतं, मधून खोड नंतर निघतं. रंग राखाडी हिरवा, अंगावर लव, खोड आलं की पानं एकाआड एक. कॉसमॉस चकती करत नाही, पहिल्यापासून उभं खोड आणि समोरासमोर पानांच्या जोड्या. शंका आली तर हातमोजा घाला नाहीतर प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळा आणि मग धरा, गाजरगवताला उघड्या हाताने लावू नका.

मी स्वतः पहिल्या वर्षी दोनदा चुकले यात. त्यावर उपाय म्हणून एका कडेची पाच रोपं काठी रोवून तशीच ठेवली आणि दर रविवारी जाऊन बघितली, कळी दिसेपर्यंत. पुस्तक वाचून जे बसलं नसतं ते त्या पाच रोपांनी बसवलं. तुम्हीपण करून बघा, फक्त कळी आली की ती काढायला विसरू नका.

मोबाईलने खात्री

गूगल लेन्स आणि आयनॅचरलिस्ट (झाडाप्राण्यांच्या नोंदी टाकायचं अ‍ॅप) दोन्ही वापरा पण फोटो नीट द्या. लोक काय करतात, फुलाचा वरून एक सुंदर फोटो काढतात आणि अ‍ॅप काहीही सांगतं, मग अ‍ॅपला नावं ठेवतात. चार फोटो काढा: अख्खं झाड, मधल्या खोडावरची पानांची जोडी, फुलाची पाठ, आणि असेल तर बी. शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. आयनॅचरलिस्टवर टाकलं की जाणकार लोक बघून दुरुस्त करतात, आणि जागेची नोंद राहते, पुढच्या वर्षी तो कुठवर पोचला हे कळायला तिचा उपयोग होतो.

ओळखला, आता काय

तुमची स्वतःची जागा असेल, घराचं आवार, बांध, शेत, तर उपटा. पाऊस पडून गेल्यावर माती ओली असताना, जमिनीलगत धरून सरळ वर ओढा, मुळासकट येतो, फार जोर लागत नाही. विळ्याने वरून छाटू नका, खालून फांद्या फुटतात आणि तो बुटका होऊन पुन्हा फुलतो. फूल यायच्या आधी काढलात तर तिथेच पालापाचोळा म्हणून टाकला तरी चालतो, कंपोस्टला पण चालतो. बी धरलेलं असेल तर आधी शेंड्याची ती चांदणी पिशवीत काढून घ्यायची, तोंड बांधायचं, मग झाड उपटायचं. बी आलेलं झाड खताच्या खड्ड्यात अजिबात नाही, नाहीतर पुढच्या वर्षी खताबरोबर अख्ख्या शेतात पेराल.

एका वर्षात संपत नाही. मातीत पडलेलं बी एकदम सगळं उगवत नाही, म्हणून एकाच पावसाळ्यात दोन-तीन फेऱ्या आणि पुढची काही वर्षं तीच जागा बघत राहायचं.

जंगलाची जागा असेल, पठार असेल, तर हात लावू नका. फोटो आणि जागा वन विभागाच्या माणसांना नाहीतर पठार सांभाळणाऱ्या गावच्या समितीच्या माणसांना दाखवा. कारण ज्याला पूर्ण ओळख नाही त्याने मदतीच्या भरात सोनकी उपटली तर नुकसान दुप्पट, आणि सोनकी आपली आहे, इथल्याच मातीतली. याच भीतीने मी एवढं लांबण लावलंय पाठीचं आणि पानाचं.

फुलपाखरं येतात की याच्यावर, मधमाश्या येतात, मग वाईट काय, असं कुणीतरी विचारणारच. येतात, खरं आहे. पण त्या फुलपाखरांच्या अळ्यांना खायला जी झाडं लागतात ती वेगळी असतात आणि तीच खाली दबून जातात. मध सगळीकडे मिळेल, अळीचं जेवण नाही मिळणार. माझं म्हणणं एवढंच आहे की कुंडीत हौस असेल तर ती शेवंतीवर, झेंडूवर भागवा, कॉसमॉसची पुडी कुणी दिली तर घेऊन मातीत टाकू नका, आणि डोंगरावर "सीड बॉल", म्हणजे बी भरलेले मातीचे गोळे, फेकायला निघालेल्या मुलांना आत कुठलं बी भरलंय ते विचारा. चांगल्या मनाने केलेल्या कामातून तो पसरलाय, म्हणून विचारताना रागाने विचारू नका.

आणि रानातून परत आलात की गाडीत बसायच्या आधी मोजे, पँटच्या कडा, बुटाच्या लेस आणि बॅगेचे पट्टे बघून घ्या, कुसळं काढा आणि ती रस्त्यावर न झटकता कागदात बांधून घरी आणा. पाच मिनिटांचं काम आहे.

आत्याच्या बांधावर आम्ही तीन पावसाळे उपटतोय. पहिल्या वर्षी ढीग लागला होता, मोजला नाही. गेल्या वर्षी एकशे चाळीस झाडं. यंदा जुलैच्या फेरीत चौतीस, आणि सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, जिथे विळा कधी जात नाही तिथे, तेरड्याची नऊ रोपं. आत्याने त्यांच्याभोवती दगड लावलेत. गौरीला यंदा ती तोडायची नाहीत असं तिने आत्ताच सांगून ठेवलंय, बी पडू दे म्हणाली.